जीना, दुसरी वेलांटी

तर तो शिंपी तिसऱ्या मजल्यावर अडकून पडला तो जिन्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. इथवर काल आपण आलो होतो आणि तुम्ही घड्याळ बघून उठलात. बरंच झालं. तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं की शिंप्याच्या आधी विहीणबाई सांगायला हव्या होत्या. त्यांच्याशिवाय ही गोष्ट म्हणजे बिनदोऱ्याची सुई.

विहीणबाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीच्या सासूबाई. व्याही आणि विहीण एकमेकांशी फार जपून बोलतात म्हणे. आमच्यात तो प्रकार नाही. त्या मला ‘व्याहीबुवा’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात माझी सालटी काढतात. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, चष्मा गळ्यात दोरीला, आणि आवाज असा की पलीकडच्या खोलीतला माणूस आपोआप सरळ बसतो. त्या आवाजाला कारण आहे. सव्वीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. समोर भोकांची मोठी फळी, हातात दोऱ्या. या भोकातली दोरी त्या भोकात खुपसली की दोन माणसं बोलायला लागत.

आता नियम असा की बोलणाऱ्यानं नंबर सांगायचा आणि बाईंनी तो जोडायचा. पण नंबर सांगतो कोण? लोक म्हणायचे, “बाई, ते लहान मुलांचे डॉक्टर द्या, टक्कलवाले.” किंवा “घड्याळाच्या दुकानावर राहतात ना, ते वकील द्या.” विहीणबाई द्यायच्या. साहेबांच्या ते कानावर गेलं आणि त्यांनी कागद काढला : ‘क्रमांकाविना जोडणी करण्यात येऊ नये.’ विहीणबाईंनी तो कागद आपल्या फळीच्या बरोबर वर चिकटवला, आणि त्याच्या खाली बसून पुढची नऊ वर्षं क्रमांकाविना जोडण्या केल्या. एकदा एका बाईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, “आई उठत नाहीये.” ना नाव, ना नंबर. विहीणबाईंनी लावून दिला. मी विचारलं, “कुठला डॉक्टर दिलात?” तर म्हणाल्या, “जो उठून धावेल तो. कुठला धावतो आणि कुठला आधी जेवण संपवतो, हे मला नको माहीत?” त्या प्रकरणात साहेबांनी लेखी खुलासा मागितला. विहीणबाईंनी एका ओळीत दिला : ‘त्यांना नंबर माहीत नव्हता, मला होता.’ आजही त्या खुलाशाची नक्कल त्यांच्या कपाटात आहे. मला दोनदा दाखवली आहे, आणि दोन्ही वेळा मी मागितली नव्हती.

निवृत्त झाल्यावर अशी बाई घरात बसते होय? चार महिन्यांत माझा जावई रडकुंडीला आला आणि त्यांना एका संस्थेत फोनवर बसवून आला. आजाऱ्यांसाठी लागणाऱ्या वस्तू वापरायला देणारी संस्था. पाटीवर लिहिलंय ‘रुग्णोपयोगी साहित्य केंद्र’, पण तसं म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. सगळे म्हणतात ‘खाटावाले’. रंगाच्या दुकानामागे तळमजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत घडीच्या लोखंडी खाटा, कुबड्यांचा भारा, चाकाच्या खुर्च्या एकात एक अडकवलेल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, फोन आणि एक कॉम्प्युटर, ज्याच्या निम्म्या बटणांवरची अक्षरं झिजून गेली आहेत. मी तिथं गेलो तो गुडघ्याच्या दुखण्यात नेलेला वॉकर परत करायला. चहा घ्या म्हणाल्या. त्याला आता तीन वर्षं होतील. अजून मी तिथंच बसतो.

आता ते सामाईक पान. ते समजलं की सगळं समजलं. आमच्या गावात अशा छोट्या अकरा संस्था आहेत. कुणी एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवतं, कुणी आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचून ठेवतं, एक बहिऱ्या मुलांची शाळा, एक डोंगर चढणाऱ्या मंडळींचा गट. पूर्वी यातल्या एकीला दुसरीकडे काय आहे याचा पत्ता नसे. मग कुणा शहाण्यानं इंटरनेटवर सगळ्यांचं मिळून एक पान केलं. ज्याला जे उपयोगाचं सापडेल, एखादा फॉर्म, पत्ता, दवाखान्याची वेळ, कुणाच्या कपाटात कुठली वस्तू, ते त्यानं तिथं टाकायचं, आणि त्याला एकदोन शब्द चिकटवायचे. पुढे कुणी तो शब्द लिहून शोधला की ती नोंद समोर हजर. याला टॅग म्हणतात. गंमत अशी की अकरांपैकी कुणीही कुणाच्याही नोंदीला शब्द चिकटवू शकतो. आणि शोधायचं म्हणाल तर गावातल्या कुणालाही मोकळं.

विहीणबाई टॅगला शेपटी म्हणतात. “कागद पळतो हो, व्याहीबुवा. शेपटी असली तर धरता येतो.”

बाकीच्या संस्था सुरुवातीला शेपट्या लावायच्या त्या मोठ्या रुबाबदार : ज्येष्ठ नागरिक, पुनर्वसन, आरोग्य. विहीणबाईंनी वेगळंच केलं. फोन उचलल्यावर समोरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते त्या फोनशेजारच्या वहीत लिहायच्या, आणि तीच शेपटी लावायच्या. ‘आजोबा-उठत-नाहीत.’ ‘घरी-कोणी-नाही.’ ‘फॉर्म-कळत-नाही.’ आणि सगळ्यात पहिली शेपटी, एकाच शब्दाची : ‘जीना.’

‘ज’ला दुसरी वेलांटी. होय, दीर्घ. चूक. बाईंनी तशी लिहिली आणि बाकीच्या दहांनी बघून बघून तशीच लावली. ज्याला जिना चढवत नाही, उतरवत नाही, त्याच्या कामाच्या सदतीस नोंदी त्या एका चुकीच्या शब्दाखाली जमल्या.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. मास्तरांना दोनच गोष्टींचा राग : उशिरा येणं आणि वेलांटी चुकणं. उशिरा आलात तर उभं राहायचं. वेलांटी चुकली तर तळहात पुढे करायचा. माझे तळहात अजून ऱ्हस्व-दीर्घ विसरलेले नाहीत. त्या पानावर ‘जीना’ पाहिलं आणि माझे हात हुळहुळले. मी म्हणालो, “विहीणबाई, जिना पहिली वेलांटी!”

“कशावरून?”

“माझ्या मास्तरांच्या छडीवरून.”

“सगळ्यांनी तेच लिहिलंय.”

“म्हणजे अकरा जण चुकलेत.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “बरं. तुमचं शिक्षण वाया जायला नको,” म्हणाल्या, आणि अख्खी दुपार बसून सदतीसच्या सदतीस ठिकाणी दुसरी वेलांटी काढून पहिली केली. मी घरी जाऊन दोनदा चहा प्यालो. जन्मात एकदा तरी मास्तर खूश झाले असते.

आता शिंपी. बाजारामागच्या चाळीवजा इमारतीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर आठ महिने तो खाली उतरला नव्हता. त्याचं त्याला एवढं वाटत नव्हतं. मशीन वर होतं, गिऱ्हाईक वर येई. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सुईत दोरा जाईना. शिंप्याचे डोळे गेले म्हणजे मागे राहिलं काय? ऑपरेशनची तारीख मिळाली. आता दवाखान्यापर्यंत जायचं कसं? त्याची मुलगी कारखान्यात पॅकिंगला. तिला कुणीतरी सांगितलं की असं असं पान आहे, त्यावर शोध. तिनं मोबाइलवर लिहिलं ‘जीना’. दुसरी वेलांटी. पानानं सांगितलं, काही सापडलं नाही.

यंत्राला दयामाया कुठली? पहिली ती पहिली, दुसरी ती दुसरी. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तिला वाटलं, आपल्यासाठी काही नसेलच. तारीख गेली. पुढची तारीख पाच आठवड्यांनी. मग कधीतरी वडिलांसाठी कुबड्या मागायला म्हणून तिचा आमच्याकडे फोन आला, आणि बोलता बोलता ती म्हणाली, “तुमच्या पानावर जिन्याचं काहीच नाही हो.”

विहीणबाई ताठ झाल्या. “काय लिहून शोधलंस? अक्षर अक्षर सांग मला.”

मुलीनं सांगितलं. विहीणबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, “व्याहीबुवा, तुमच्या पहिल्या वेलांटीनं त्या माणसाला पाच आठवडे आंधळं ठेवलं. आणि मी तुमचं ऐकलं.” मी पंचाहत्तरीचा माणूस, पण तळहात मागे लपवला.

त्याच दुपारी त्यांनी सदतीस ठिकाणी ‘जीना’ परत लावलं. ‘जिना’ही राहू दिलं. दोन्ही. आणि त्या सदतीस नोंदींतूनच शिंपी उतरला, तो कसा ते ऐका. बहिऱ्या मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या गुरुजींनी एका विद्यार्थ्याला वर नेण्यासाठी पुढे-मागे दांड्या असलेली खुर्ची बनवली होती. ती एक नोंद. दुसरी डोंगर चढणाऱ्यांची : जखमी माणसाला कड्यावरून खाली कसं आणावं, याचं प्रशिक्षण. त्या नोंदीला ‘जीना’ कुणी लावलं? विहीणबाईंनी. गटाच्या म्होरक्यानं तेव्हा फोन करून विचारलं होतं, “बाई, आमचा जिन्याशी काय संबंध?” तर यांनी त्यालाच विचारलं, “कड्यावरून उतरवता ना? मग तीन मजल्यांना काय झालं?” शेपटी राहिली. खुर्ची एका संस्थेची, हात दुसरीचे. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. त्या एका शब्दानं गाठ पडली.

शिंप्याला उतरवताना मी खाली उभा होतो. चार धट्टीकट्टी माणसं, मध्ये खुर्चीत हा काडीसारखा. दिसत काही नव्हतं, म्हणून त्यानं पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर म्हणतो कसा, “थांबा जरा. खांद्याची शिवण कच्ची आहे तुमच्या. दिसायला लागलं की शर्ट घेऊन या.” चौघं हसायला लागले, आणि खुर्ची अशी हलली की मुलीनं डोळे मिटून घेतले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अकरांतल्या सगळ्यात मोठ्या संस्थेनं, ज्यांच्या कॉम्प्युटरवर ते पान चालतं, एक माहिती सल्लागार आणला. माणूस वाईट नव्हे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, सगळ्यांना ‘आपण’. त्यानं पान उघडलं आणि त्याला घेरी आली. एकूण शेपट्या हजाराच्या वर, त्यांतल्या चारशेच्या आसपास आमच्या विहीणबाईंच्या. त्यानं नव्वद शब्दांची छापील यादी काढली आणि अकरा संस्थांना पाठवली. येत्या एक तारखेपासून फक्त हे नव्वद. बाकीचे पुसले जातील. ‘आजोबा-उठत-नाहीत’च्या जागी ‘शय्याग्रस्त-सेवा’. ‘घरी-कोणी-नाही’च्या जागी ‘एकल-ज्येष्ठ’. आणि जिन्याच्या जागी ‘गतीशीलता-सहाय्य’.

विहीणबाईंनी यादी वाचली आणि ती टेबलावरच्या काचेखाली सरकवली. मी म्हणालो, “साहेबांच्या कागदासारखी?”

“तो कागद तरी पाच शब्दांचा होता,” त्या म्हणाल्या.

बैठक बहिऱ्या मुलांच्या शाळेत होती, चित्रकलेच्या वर्गात. लहान मुलांची बाकं. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. अकरा संस्थांचे अकरा जण, सल्लागार, आणि मी. मला निमंत्रण नव्हतं. मी विहीणबाईंची पिशवी धरून गेलो. अध्यक्ष म्हणजे डबे पोचवणाऱ्यांचे प्रमुख, भला माणूस, भांडण दिसलं की पाणी पितो.

सल्लागारानं फळ्यावर लिहून समजावलं. खोटं काही बोलला नाही तो. म्हणाला, “बाई, आपली तळमळ कळते. पण प्रत्येकानं मनाला येईल तो शब्द लावला तर उद्या दहा हजार होतील. मग सापडणार कसं? आता हेच बघा, एकच शब्द दोनदा, आणि त्यातला एक अशुद्ध.” आणि फळ्यावर ‘जीना’ लिहून त्यानं त्यावर काट मारली.

विहीणबाई उठल्या. “मला एक प्रयोग करू द्या. सगळ्यांनी कागद घ्या. मी सांगते ते लिहा. शेजाऱ्याचं बघायचं नाही.”

श्रुतलेखन! मला तर शाळेत परत गेल्यासारखं झालं. अध्यक्ष हसले, पण लिहायला लागले. सल्लागारालाही लिहायला बसवलं, आणि ‘तुमची यादी आधी पालथी घाला,’ असं बजावलं. म्हणजे कागद अकरा. विहीणबाईंनी एक्स्चेंजच्या आवाजात सांगितलं, “गतिशीलता-साहाय्य.” मग म्हणाल्या, “आता दुसरा शब्द. जिना.” कागद गोळा करून त्यांनी माझ्या मांडीवर टाकले. “व्याहीबुवा, तपासा. मास्तरांना स्मरून.”

मी आयुष्यात एवढ्या आनंदानं कुठलंच काम केलेलं नाही. गतीशीलता, गतिशिलता, गतीशिलता. सहाय्य, साह्य, सहाय, साहय्य. एकानं तर ‘गतशीलता’ लिहिलं होतं, म्हणजे शीलच गेलं. अकरा कागदांवर त्या एका शब्दाची नऊ रूपं. बरोबर फक्त एक, आंधळ्यांच्या वाचनालयात प्रुफं तपासणाऱ्या बाईंचं. “आणि सल्लागारसाहेब,” मी शक्य तितक्या हळू म्हणालो, “तुमचं यादीबरहुकूम आहे. फक्त यादीत ‘गति’ला पहिली वेलांटी हवी होती, आणि मदत या अर्थी शब्द ‘साहाय्य’ असा आहे, सला काना.”

माणूस लाल झाला. पण सांगितलं ना, वाईट नव्हता, स्वतःच हसला.

“आता जिना,” विहीणबाई म्हणाल्या.

“चार कागदांवर पहिली वेलांटी, सातांवर दुसरी. तिसरं रूप नाही.”

“ऐकलंत?” त्या सल्लागाराकडे वळल्या. “माझा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो, मी दोन शेपट्या लावल्यात. तुमचा नऊ प्रकारे लिहिला जातो, तुम्ही एकच लावणार. मग सापडणार कसं, हे आता तुम्ही मला सांगा.”

“पण अशुद्ध शब्द आपण संस्थांनीच...”

“शुद्ध शब्दाला माझी ना नाही. लावा ना, तुमचे नव्वद लावा, मी मदत करते. पण सव्वीस वर्षं तिकडे आणि सहा वर्षं इकडे मी फोन उचललाय. गतिशीलता पाहिजे असं मला अजून कुणी म्हणालेलं नाही. लोक म्हणतात, बाई, जिना उतरवत नाही. ज्या दिवशी कुणी रडत रडत मला ‘गतिशीलता’ म्हणेल, त्या दिवशी ती शेपटी मीच लावीन. त्या शिंप्याच्या मुलीला कुणी पहिली वेलांटी शिकवली नसेल, तर त्याची शिक्षा तिच्या बापाच्या डोळ्यांना का?”

सुतारकामाच्या गुरुजींनी बाकावर मूठ आपटली. बाक लहान मुलांचं, त्यांनीच बनवलेलं, ते टिकलं. डोंगरवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, “आमच्या नोंदीवरचा ‘जीना’ निघाला तर आमची नोंदही काढा.” प्रुफंवाल्या बाई, ज्यांना एकट्यांना सगळं शुद्ध आलं होतं, त्यासुद्धा म्हणाल्या, “राहू दे. मला चूक दिसते, पण मला जिना उतरवतो.”

सल्लागारानं फळ्यावरची काट पाहिली, मग यादी, आणि मग तो खाली बसला. अध्यक्ष दोन पेले पाणी प्याले. मग त्यांनी सगळ्यांना आवडेल असा तोडगा काढला. म्हणाले, “बाईंचं पटतं. त्यांच्या सगळ्या शेपट्या राहू द्या. नव्वदही राहू द्या. फक्त ती एक दुसरी वेलांटीवाली तेवढी एक तारखेला पुसू. त्याचं काय आहे, बाहेरचे पाहुणे पान बघायला येतात, शिकलेले लोक असतात. सामाजिक संस्थांना साधा जिना लिहिता येत नाही, हे बरं दिसत नाही. चारशेतली एक, बाई. एवढं माझ्यासाठी ऐका.”

सगळे विहीणबाईंकडे बघायला लागले. मीही. खरं सांगतो, मला वाटलं होतं ऐकतील. एकदा माझं ऐकलंच होतं. त्यांनी चष्मा काढून दोरीवर सोडला, माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाल्या :

“पुसा की. एक तारखेला सकाळी तुम्ही पुसा, दुपारी मी लावते, सदतीसच्या सदतीस. दोन तारखेला परत पुसा, मी परत लावते. तुम्हाला पुसायला माणूस ठेवावा लागेल. मी जन्मभर भोकात दोऱ्या खुपसल्यात, माझा हात दुखत नाही. आणि दुसऱ्या वेलांटीची ज्या पाहुण्यांना लाज वाटते, त्यांना म्हणावं, डोळे बांधून, एक पाय वर धरून, त्या शिंप्याचे तीन जिने उतरून दाखवा. उतरले, तर मी स्वतः पुसते.”